गुण ११०–११०, तरी जिंकलं तुर्कस्तान

३ सप्टेंबर २०२३ रोजी ब्रसेल्समध्ये महिलांच्या युरोपियन व्हॉलीबॉल अजिंक्यपद स्पर्धेचा अंतिम सामना झाला. तुर्कस्तान विरुद्ध सर्बिया. तुर्कस्तानचे गुण आधी धरले तर पाच सेटचे आकडे असे होते: २७–२५, २१–२५, २५–२२, २२–२५, १५–१३.

कागद घ्या आणि दोन्ही बाजूंची बेरीज करून बघा. तुर्कस्तान ११०. सर्बियाही ११०. पाच सेट झुंजून दोन्ही संघांनी अगदी सारखे गुण मिळवले आणि तरी सुवर्णपदक एकीकडे गेलं, रौप्य दुसरीकडे. कुणाला ही स्पर्धा समजावून सांगायची वेळ आली की मी याच सामन्यापासून सुरुवात करते. खेळाचे नियम, संघातल्या प्रत्येकीचं काम आणि युरोपातल्या व्हॉलीबॉलची गुंतागुंत, या सगळ्याचे धागे इथेच सापडतात.

बेरीज सारखी येऊनही निकाल कसा लागतो, हे आधी पाहू. व्हॉलीबॉलमध्ये सामन्याचे गुण शेवटपर्यंत साठत नाहीत. सेट संपला की पाटी कोरी. पहिले चार सेट २५ गुणांचे, पाचवा १५ गुणांचा, आणि प्रत्येक सेट किमान दोन गुणांच्या फरकाने जिंकावा लागतो. म्हणूनच पहिला सेट २७ पर्यंत लांबला. आधी तीन सेट घेईल तो संघ विजयी. तुर्कस्तानने जिंकलेले तीन सेट दोन, तीन आणि दोन गुणांच्या फरकाने घेतले. सर्बियाने आपले दोन सेट चार आणि तीन गुणांनी घेतले. दोन्हीकडची आघाडी एकूण सात गुणांचीच, पण तुर्कस्तानचे सात गुण तीन सेटमध्ये कामी आले आणि सर्बियाचे दोनच सेटमध्ये. कोणत्या क्षणी गुण मिळवला याला या खेळात किती मोल आहे, ते यावरून कळतं. तेवीस–तेवीसवर मिळवलेला गुण आणि पाच–तीनवर मिळवलेला गुण फलकावर सारखेच दिसतात, पण त्या वेळी सर्व्हिसला उभ्या असलेल्या मुलीला विचारा.

आपल्याकडे शाळेच्या नाहीतर गावच्या मैदानावर व्हॉलीबॉल खेळलेली माणसं पुष्कळ आहेत. त्यातल्या थोड्या मोठ्या वयाच्या मंडळींच्या अंगात पंधरा गुणांचा जुना खेळ भिनलेला आहे. तेव्हा गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्या संघाला मिळायचा. समोरच्याने रॅली (सर्व्हिसपासून चेंडू खाली पडेपर्यंतचा खेळ) जिंकली तर त्याला नुसती सर्व्हिस मिळे, गुण नाही. गेल्या शतकाच्या अगदी शेवटी ही पद्धत बदलली आणि प्रत्येक रॅलीला एक गुण ठरला. त्यामुळे सर्व्हिस जाळीत मारणं आता थेट समोरच्याच्या खात्यात गुण टाकणं झालं. जुन्या पद्धतीची सवय असलेल्यांना आजचा खेळ अंगावर येतो तो बहुतेक यामुळेच.

आता दुसरा आकडा. त्या अंतिम सामन्यात तुर्कस्तानच्या मेलिसा वर्गासने एकटीने ४१ गुण मिळवले. संघाचे एकूण ११०, आणि त्यातही काही गुण सर्बियाच्या चुकांमुळे आयते आलेले. म्हणजे तुर्कस्तानच्या खेळाडूंनी स्वतः मारून मिळवलेल्या गुणांतला फार मोठा वाटा एकीचा. हे ऐकलं की पहिल्यांदा बघणारा माणूस अडखळतो, आणि त्याचं अडखळणं बरोबरच आहे. या खेळात एकाच खेळाडूला चेंडू लागोपाठ दोनदा मारता येत नाही. सगळ्यांना जागा बदलत फिरावं लागतं. मग एकीला ४१ गुण मिळतात तरी कसे?

त्यासाठी मैदानात उतरावं लागेल. मैदान १८ मीटर लांब, ९ मीटर रुंद, मध्ये जाळी. महिलांसाठी जाळीची उंची २.२४ मीटर असते, पुरुषांसाठी २.४३. प्रत्येक बाजूला सहा जणी. चेंडू आपल्या बाजूला आला की जास्तीत जास्त तीन स्पर्शांत तो परत पलीकडे गेला पाहिजे. ब्लॉकला, म्हणजे समोरून येणारा चेंडू जाळीवर हात उंचावून अडवताना, लागलेला स्पर्श या तिनात धरत नाहीत. पहिला स्पर्श सर्व्हिस उचलण्याचा, दुसरा चेंडू जाळीजवळ उंच उठवून देण्याचा, तिसरा स्मॅशचा. दुसरा स्पर्श जिचा, तिला आपल्याकडच्या मैदानांवर ‘लिफ्टर’ म्हणतात. स्पर्धांच्या भाषेत ती सेटर.

आता फिरण्याचा नियम. मैदानाच्या अर्ध्या भागात सहा जागा असतात: तीन जाळीजवळ, तीन मागे. सर्व्हिस समोरच्यांकडे असताना आपण रॅली जिंकली की सहाही जणी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने एक जागा पुढे सरकतात आणि मागच्या उजव्या कोपऱ्यात आलेली खेळाडू सर्व्हिस करते. म्हणजे प्रत्येकीला तीन फेऱ्या पुढे आणि तीन फेऱ्या मागे काढाव्याच लागतात. मागच्या रांगेतल्या खेळाडूवर एक बंधन आहे. जाळीपासून तीन मीटरवर जी रेषा असते, तिच्या पुढे येऊन तिला जाळीच्या वरच्या उंचीवरचा चेंडू मारता येत नाही. ब्लॉकही करता येत नाही. मात्र रेषेच्या मागून उडी घेऊन मारायला पूर्ण मुभा आहे.

इथे आणखी एक गोष्ट नव्या प्रेक्षकाला गोंधळात पाडते. ही जागांची शिस्त फक्त सर्व्हिस मारली जाईपर्यंतच असते. चेंडू हाताबाहेर गेला की खेळाडू हव्या तिकडे पळू शकतात. म्हणून सर्व्हिस होताक्षणी मैदानात सगळ्यांची एकदम पळापळ दिसते. ती पळापळ म्हणजे प्रत्येकीने आपापल्या खऱ्या कामाच्या जागी जाणं.

सेटरच्या बरोबर तिरक्या जागेवर जी खेळाडू उभी असते, तिला ऑपोझिट म्हणतात. सेटर मागच्या रांगेत असेल तेव्हा ऑपोझिट पुढे, सेटर पुढे आली की ऑपोझिट मागे. सर्व्हिस उचलण्याच्या जबाबदारीतून बहुतेक संघ तिला मोकळी ठेवतात. तिच्याकडून मुख्य अपेक्षा एकच: चेंडू जमिनीवर उतरवणं. वर्गास ही तुर्कस्तानची ऑपोझिट. समोर सर्बियाकडे त्याच जागेवर तियाना बोश्कोविच, डावखुरी, आणि माझ्या मते या जागेवर खेळलेल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक. उजव्या बाजूने मारताना डाव्या हाताला जो कोन मिळतो, तो ब्लॉकला फार त्रास देतो.

सेटर पुढच्या रांगेत असते त्या तीन फेऱ्यांत संघाकडे जाळीजवळ मारणाऱ्या दोघीच उरतात. समोरच्या तीन ब्लॉकर्सना दोघींवर लक्ष ठेवणं सोपं जातं. सामान्य संघ इथेच अडकतो आणि चार-पाच गुण सलग घालवून बसतो. वर्गाससारखी खेळाडू असली तर ती मागच्या रांगेतूनही, तीन मीटरच्या रेषेमागून उडी घेऊन, पुढून मारल्याइतक्याच ताकदीने मारते. म्हणजे सहाही फेऱ्यांत ती मारणारीच राहते. वर तिची उडी घेऊन केलेली सर्व्हिस. ४१ गुणांचं गणित असं जुळतं.

पण हे गणित तिच्या एकटीच्या बळावर उभं राहत नाही, आणि मला हा मुद्दा वर्गासच्या ४१ गुणांइतकाच महत्त्वाचा वाटतो. सर्व्हिस नीट उचलली गेली नाही तर सेटरला चेंडूमागे धावत जावं लागतं. मग ती एकाच ठिकाणी उंच चेंडू देऊ शकते आणि समोरच्यांना तो कुठे येणार हे आधीच कळतं. चेंडू तिच्या हातात अलगद आला, तर मात्र ती मधल्या खेळाडूला झटपट देऊ शकते, कडेला देऊ शकते किंवा मागे. जान्सू ओझबाय ही तुर्कस्तानची सेटर. मध्यभागी कर्णधार एदा एर्देम आणि झेहरा गुनेश. या दोघी चेंडू आपल्याकडे येणार अशाच आवेशाने उड्या घेतात, चेंडू आला नाही तरी. समोरची मधली ब्लॉकर त्यांच्यासोबत उडाली की कडेला पोचायला तिला अर्धा क्षण उशीर होतो. तेवढ्या फटीतून वर्गासचा चेंडू जातो. गुण तिच्या नावावर लागतो, फट दुसरीने पाडलेली असते.

वेगळ्या रंगाचा पोशाख घातलेली मुलगी दिसेल ती लिबेरो. ही फक्त मागच्या रांगेत खेळते, जाळीच्या वरच्या उंचीवरचा चेंडू मारत नाही, ब्लॉक करत नाही. तिचं काम सर्व्हिस उचलणं आणि पडणारे चेंडू वाचवणं. आत-बाहेर करताना तिचा बदल नेहमीच्या सहा बदल्यांमध्ये मोजत नाहीत. सामना बघताना दोन-चार रॅली चेंडू सोडून फक्त लिबेरोकडे बघा. ती किती आधी जागेवर पोचलेली असते हे पाहून थक्क व्हायला होतं.

आता ही स्पर्धा. महिलांची पहिली युरोपियन स्पर्धा १९४९ साली प्रागमध्ये झाली आणि सोव्हिएत संघाने ती जिंकली. पुढे किती वर्षं तेच चाललं याचा अंदाज यावरून येईल: सोव्हिएत संघाची तेरा आणि नंतर रशियाची सहा मिळून एकोणीस विजेतेपदं. मध्ये चेकोस्लोव्हाकिया, बल्गेरिया, पूर्व जर्मनी यांनी मान मिळवला. १९९५ मध्ये नेदरलँड्स जिंकलं. खरी उलथापालथ एकविसाव्या शतकात झाली. पोलंडने २००३ आणि २००५, इटलीने २००७ आणि २००९, सर्बियाने २०११, २०१७ आणि २०१९, इटलीने पुन्हा २०२१. एकाच देशाची मक्तेदारी असलेली स्पर्धा आता कुणाचंही नाव ठामपणे सांगता येऊ नये अशी झाली आहे.

स्पर्धेचा कारभार युरोपियन व्हॉलीबॉल महासंघ बघतो. त्याचं मुख्यालय लक्झेंबर्गला आहे. २०१९ पासून स्पर्धेत २४ संघ असतात आणि यजमानपद चार देशांत वाटलेलं असतं. २०२३ मध्ये हे चार देश होते बेल्जियम, इटली, जर्मनी आणि एस्टोनिया. चारही यजमान आणि आधीच्या स्पर्धेतले वरचे आठ संघ थेट येतात. बाकीच्या बारा जणांना पात्रता फेरीतून यावं लागतं.

२४ संघांचे सहा-सहाचे चार गट पडतात. गटात प्रत्येक जण प्रत्येकाशी एकदा खेळतो, म्हणजे एका संघाचे पाच सामने, एका गटाचे पंधरा आणि चारही गटांचे साठ. प्रत्येक गटातून चार संघ पुढे जातात. म्हणजे साठ सामने खेळून बाहेर पडतात फक्त आठ संघ. त्यानंतर जो हरला तो घरी, आणि पुढच्या आठच सामन्यांत आणखी आठ संघ संपतात. मग उपांत्यपूर्व, उपांत्य, कांस्यपदकाचा आणि अंतिम सामना धरून एकूण ७६ सामने. पहिला टप्पा इतका क्षमाशील आणि दुसरा इतका निष्ठुर, अशी स्पर्धा मोठ्या संघांना आवडते, कारण त्यांना लय सापडायला वेळ मिळतो. बघणाऱ्याने मात्र गटातल्या निकालांवरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत.

गटात क्रम लावताना एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. सामना ३–० किंवा ३–१ ने जिंकला तर विजेत्याला तीन गुण. ३–२ ने जिंकला तर विजेत्याला दोन आणि हरणाऱ्याला एक. पण क्रम ठरतो आधी जिंकलेल्या सामन्यांवर, हे गुण नंतर. समजा एका संघाने तीन सामने ३–२ ने जिंकले आणि दोन सरळ हरला, तर त्याचे गुण सहा. दुसऱ्याने दोन सामने ३–० ने जिंकले आणि तीन सामने २–३ असे थोडक्यात गमावले, तर त्याचे गुण नऊ. तरीही वर राहील तो सहा गुणवाला, कारण त्याने तीन सामने जिंकलेत. गुणही सारखे असतील तर जिंकलेल्या आणि हरलेल्या सेटचं प्रमाण बघतात. तेही सारखं निघालं तर सगळ्या सेटमध्ये मिळवलेल्या आणि गमावलेल्या गुणांचं प्रमाण. अंतिम सामन्यात ज्या बेरजेला काहीच किंमत नव्हती, ती गटात अशी उपयोगी पडू शकते. म्हणून हरत असलेला संघही गटात शेवटच्या चेंडूपर्यंत जीव टाकून खेळतो.

२४ संघ जरा जास्तच होतात, असं बऱ्याच जाणकारांचं मत असतं. एकतर्फी सामने होतात, हे खरंच आहे. तरी मी या विस्ताराच्या बाजूची आहे, आणि त्याचं कारण स्वीडन. २०२१ मध्ये कित्येक वर्षांच्या खंडानंतर हा संघ स्पर्धेत आला. इझाबेल हाक ही एकच खऱ्या अर्थाने जागतिक दर्जाची खेळाडू त्यांच्याकडे होती. बाद फेरीत त्यांनी यजमान बल्गेरियाला त्यांच्याच घरी हरवलं आणि पहिल्या आठांत जाऊन पोचले. स्पर्धा सोळा संघांची असती तर या मुलींना तिथे जागा मिळाली असती का, याची मला शंका आहे.

‘युरोपियन’ या शब्दाचाही खुलासा करायला हवा. इथे युरोप म्हणजे नकाशावरचा खंड नसून महासंघाचे सदस्य. अझरबैजान, इस्रायल आणि तुर्कस्तान या स्पर्धेत खेळतात ते म्हणूनच. उलट सर्वाधिक विजेतेपदांचा वारसा असलेला रशिया आणि त्याच्यासोबत बेलारूस यांना युक्रेनवरच्या आक्रमणानंतर २०२२ मध्ये बाहेर ठेवण्यात आलं, त्यामुळे २०२३ मध्ये ते नव्हते.

देशांच्या सीमा या खेळात आणखी एका प्रकारे पुसट होतात. वर्गासचा जन्म क्युबातला. ती तुर्कस्तानात फेनरबाहचे क्लबसाठी खेळली, २०२१ मध्ये तिला तिथलं नागरिकत्व मिळालं आणि २०२३ मध्ये ती पहिल्यांदा राष्ट्रीय संघातून उतरली. ती येण्याआधी एब्रार काराकुर्त ऑपोझिट होती. तिला डाव्या कडेला हलवण्यात आलं, म्हणजे सर्व्हिस उचलण्याचं ओझंही अंगावर आलं. आपली हक्काची जागा सोडून संघासाठी वेगळं काम शिकायचं, तेही मोठ्या स्पर्धेच्या तोंडावर. वर्गासचं कौतुक करताना काराकुर्तचा हा वाटा विसरता कामा नये.

प्रशिक्षकांची गोष्ट तर याहून रंजक. तुर्कस्तानचे प्रशिक्षक होते इटलीचे डॅनिएले सांतारेल्ली. वर्षभरापूर्वी, २०२२ मध्ये, त्यांनी जागतिक विजेतेपद मिळवून दिलं होतं ते सर्बियाला. आणि सर्बियाच्या बाकावर होते जिओव्हानी ग्विदेत्ती, तेही इटलीचेच. त्याआधी काही वर्षं ते तुर्कस्तानच्या संघाला घडवत होते. म्हणजे अंतिम सामन्यात दोन्ही प्रशिक्षक आपापल्या जुन्या विद्यार्थिनींविरुद्ध उभे होते. समोरची सेटर दडपणाखाली चेंडू कुणाला देते, कोण कुठल्या कोनात मारते, हे दोघांनाही पाठ. खेळाडूही एकमेकींना अनोळखी नव्हत्या. इटली आणि तुर्कस्तान या दोन देशांच्या क्लब लीग जगात सर्वांत तगड्या समजल्या जातात. बोश्कोविच स्वतः अनेक वर्षं इस्तंबूलच्या एझाजबाशी क्लबकडून खेळत होती. इतकी ओळख असताना कुणी कुणाला चकवणं कठीण, आणि ११०–११० या बेरजेमागे मला हेच कारण दिसतं.

तुर्कस्तानसाठी त्या रात्रीचं मोल कळायला आणखी थोडं मागे जावं लागेल. ‘जाळीच्या सुलताना’ या अर्थाच्या नावाने हा संघ तिकडे ओळखला जातो. २००३ मध्ये अंकाराला, घरच्या प्रेक्षकांसमोर, ते पहिल्यांदा युरोपच्या अंतिम सामन्यात पोचले आणि पोलंडकडून हरले. २०१९ मध्ये पुन्हा अंकारा, पुन्हा घरचे प्रेक्षक, समोर सर्बिया, आणि पाचव्या सेटमध्ये हार. एदा एर्देम त्या २०१९ च्या संघातही होती. चार वर्षांनी ब्रसेल्समध्ये पुन्हा सर्बिया आणि पुन्हा पाचवा सेट. त्याच्या आधी उपांत्य सामन्यात गतविजेत्या इटलीलाही पाच सेटमध्येच हरवावं लागलं होतं. बेल्जियममध्ये तुर्की वंशाचे लोक मोठ्या संख्येने राहतात, त्यामुळे परक्या देशातही संघ एकटा नव्हता. पंधरा–तेरा. तुर्कस्तानचं पहिलं युरोपियन विजेतेपद, आणि तेही त्याच उन्हाळ्यात नेशन्स लीग ही राष्ट्रीय संघांची दरवर्षीची जागतिक स्पर्धा जिंकल्यानंतर लगेच.

इटलीने त्यानंतर सगळा हिशेब चुकता केला. कांस्यपदकाच्या सामन्यातही नेदरलँड्सकडून हरलेला हा संघ प्रशिक्षक हुलिओ व्हेलास्को यांच्या हाताखाली २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिम्पिक विजेता झाला, आणि २०२५ मध्ये बँकॉकला जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना त्यांनी तुर्कस्तानविरुद्धच पाच सेटमध्ये जिंकला.

युरोपियन स्पर्धा अनेक वर्षं विषम सालांत होत आली. जागतिक स्पर्धा आता दर दोन वर्षांनी विषम सालांत होऊ लागल्याने युरोपियन स्पर्धा सम सालांत सरकली. २०२६ चे यजमान अझरबैजान, चेकिया, स्वीडन आणि तुर्कस्तान. अंतिम टप्पा इस्तंबूलमध्ये, आणि विजेत्याला २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकचं थेट तिकीट. इस्तंबूलचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. तिथे रात्री आठला सुरू होणारा सामना आपल्याकडे साडेदहाला लागतो, आणि पाचव्या सेटपर्यंत गेला तर मध्यरात्र उलटते.